जाड आवाजाचे पक्षी

उगांडाहून परत आल्यापासून लोक दोनच गोष्टी विचारतायत. खर्च किती आला आणि गोरिला दिसले का? खर्चाचं शेवटी सांगते. गोरिला बघितले नाहीत. परदेशी माणसाला एका परवान्याचे 800 डॉलर पडतात, आणि पैसे बाजूला ठेवले तरी गोरिलांच्या बिविंडी जंगलातल्या त्या निसरड्या चढांवर माझ्या गुडघ्यांचं काही खरं नव्हतं. आमच्यातले तिघं जाऊन आले, भारावून आले, मला त्यांचा हेवा वाटला नाही. मी पक्ष्यांसाठी गेले होते. महाराष्ट्रापेक्षा लहान असलेल्या या देशात पक्ष्यांच्या हजाराहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात. माणसानं एका वेळी एकच हाव धरावी.

पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. साठीच्या पुढच्या पक्षीनिरीक्षकांची एक अडचण असते आणि तिच्याबद्दल कुणी चारचौघांत बोलत नाही. चष्मा लागला तर आपण कौतुकानं सांगतो, कान गेले तर लपवतो. तर माझे कान गेलेत. सगळे नाही, वरचे. वयानं ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. माझ्या ऑडिओग्रामची, म्हणजे कानांच्या तपासणीच्या आलेखाची, रेघ दोन हजार हर्ट्झपर्यंत शहाण्यासारखी सरळ चालते आणि तिथून पुढे कसारा घाट उतरावा तशी खाली येते. आणि निम्म्याहून जास्त छोटे पक्षी नेमके त्या घाटातच गातात.

नांदूर मध्यमेश्वरला याचं काही अडत नाही. मोकळं पाणी, समोर बदकं, दुर्बीण लावली की झालं. आफ्रिकेतल्या सदाहरित जंगलात मात्र झाडं दहा-बारा मजले उंच, त्यावर पानांचं छत, आणि पक्षी त्या छतात. तिथे आधी कान आणि मग डोळे. त्यामुळे जावं की नाही, याचा मी बरेच महिने काथ्याकूट केला.

आमची गाईड बाई होती. तिथे महिला पक्षी-गाईडांचा चांगला सक्रिय गट आहे आणि ही त्यांतलीच. एंटेबीला पहिल्या संध्याकाळी तिनं सगळ्यांना विचारलं, कोणते पक्षी बघायचेत? माझी पाळी आली तेव्हा मी आधी कानांचं सांगून टाकलं. तिनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. जेवणानंतर फोन घेऊन माझ्या शेजारी बसली, आवाज एका ठरावीक पातळीवर ठेवला आणि एकेक पक्षी वाजवायला लागली. ऐकू आला की मी बोट वर करायचं. सूर्यपक्षी: काही नाही. वटवट्याच्या भाऊबंदांपैकी एक: काही नाही. ती वहीत टिंबं देत होती. मग तिनं काहीतरी घुमणारं लावलं आणि माझं बोट आपोआप वर गेलं. ती हसली. म्हणाली, "तुमच्यासाठी जाड आवाजाचे पक्षी शोधू." इंग्रजीत म्हणाली, पण मला ते असंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मबांबाची दलदल. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाची ही पाणथळ जागा 2006 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. अरुंद लाकडी होडी, दोन्ही बाजूंना डोक्याहून उंच पपायरस, मधून जेमतेम होडीपुरती वाट. इंजिन बंद करून नावाडी बांबूनं रेटत नेत होता. इथे सगळे येतात ते शूबिलसाठी. उभा राहिला तर आपल्या छातीपर्यंत येईल असा राखाडी पक्षी, वीतभर लांब आणि अर्धी वीत रुंद चोच, टोकाला आकडा. आणि आवाज जवळजवळ नाहीच. घरट्याजवळ चोच वाजवतो, एरवी गप्प. म्हणजे इथे मी आणि आमच्या ग्रुपमधला पुण्याचा पंचविशीतला आयटीवाला मुलगा अगदी बरोबरीत.

शूबिल उभा होता. आम्ही बसलो होतो. तो हलला नाही, आम्हीही नाही. पापणी खाली-वर झाली तेवढीच. पुण्याच्या मुलानं दोनदा घड्याळ बघितलं. आणि मग तो पक्षी पुढे झुकला नाही, वाकला नाही, सरळ कोसळला. अख्खं अंग, पंख पसरून, चोच पाण्यात. वर आला तेव्हा तोंडात पाणवनस्पतींचा मोठा बोकणा होता आणि त्यातून लंगफिशची शेपटी वळवळत होती. लंगफिश हा हवेत श्वास घेणारा मासा, त्यासाठी त्याला वर यावंच लागतं, आणि तिथेच शूबिल त्याची वाट बघत असतो. मग सावकाश डोकं हलवत त्यानं गवत दोन्ही बाजूंनी गाळून टाकलं, मासा ठेवला, चोचीच्या कडांनी चिरला आणि गिळला. चोच उघडून पाणी निथळू दिलं. पुन्हा पुतळा.

नावाडी आधी मासेमारी करायचा. शूबिल दिसला की त्या दिवशी जाळ्यात मासा येत नाही, असं तिथले कोळी मानायचे आणि दिसला की मारायचे. आता एका शूबिलच्या जिवावर किती होड्या चालतात ते धक्क्यावर उभं राहून बघावं. पर्यटन म्हणजे सगळा बट्ट्याबोळ, असं मी आपल्याकडच्या गडांवरची प्लास्टिकं बघून म्हणत असते. इथे ते म्हणायची सोय राहिली नाही.

तिथून उत्तरेला मर्चिसन फॉल्सचं राष्ट्रीय उद्यान. हा सगळा गवताळ प्रदेश, मध्येमध्ये ताडासारखी उंच झाडं, जिराफ, हत्ती. लँड क्रूझरचं छप्पर वर करून उभं राहायचं आणि धूळ खायची. वाटेत टपरीवर 'रोलेक्स' खाल्ला: चपातीवर ऑम्लेट, कोबी-टोमॅटो, आणि गुंडाळी. चपाती तिकडे आपल्याच लोकांनी नेली. आमच्यातल्या एका काकांनी बॅगेतून लसणाची चटणी काढली आणि टपरीवाल्यालाही दिली.

गवतात माझी खरी दैना झाली. सिस्टिकोला नावाचे पिटुकले तपकिरी पक्षी आहेत, आपल्या वटवट्यांच्या घराण्यातले. सगळे सारखे दिसतात, म्हणून ओळखायचे आवाजावरून. इंग्रजी नावंही तशीच: क्रोकिंग, ट्रिलिंग, विस्लिंग. गाईड सांगत होती, "हा ऐका, आता तो दुसरा," बाकीचे माना डोलावत होते, पेनं चालत होती. मला फक्त वारा ऐकू येत होता, आणि तोही कानातल्या मशीनमुळे दुप्पट. मी वही मिटली आणि समोरच्या म्हशींच्या पाठीवर बसलेले ऑक्सपेकर बघत बसले. ते तरी दिसत होते.

पण दुसऱ्या दिवशी, तांबडं फुटायच्या आत, तिनं मला एकटीला उठवलं. गाडीपाशी नेलं, बोनेटवर हात ठेवायला लावला आणि म्हणाली, थांबा. आणि मग ते आलं. दूर कुठून तरी, जमिनीतून आल्यासारखं घुमणं: उं, उं-उं. थोड्या वेळानं दुसरं, किंचित वेगळ्या पट्टीत. मशीन काढून ठेवलं तरी येत होतं. अॅबिसिनियन ग्राउंड हॉर्नबिलची, म्हणजे जमिनीवरच्या धनेशांची जोडी. उजाडल्यावर गवतातून चालत आले दोघं, काळेभोर, टर्कीएवढे. नराचा गळा लाल, मादीचा निळा. आपले धनेश फळांसाठी झाडोझाड फिरतात. हे मात्र पायी गस्त घालतात आणि टोळ, बेडूक, साप, जे सापडेल ते उचलतात. पुण्याचा मुलगा नंतर म्हणाला, "काकू, मला का नाही उठवलंत?" म्हटलं, तुला सिस्टिकोला मिळाले की.

नाईल नदीच्या काठावर लाल गळ्याच्या वेड्या राघूंची वसाहतही बघितली. मातीच्या उभ्या कड्यात शेकडो बिळं, सतत ये-जा. तिथे मी खूप वेळ बसले आणि तरी सांगण्यासारखं काही नाही, सुंदर होतं एवढंच.

मग किबाले. हे चिंपांझींचं जंगल म्हणून प्रसिद्ध आहे, पण पक्षीवाल्यांना तिथे हवा असतो हिरव्या छातीचा पिट्टा. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर कोकणात येतो ना नवरंग, त्याचा हा चुलतभाऊ. अंधारात बॅटऱ्या घेऊन आत जायचं आणि पहिल्या उजेडात थांबून ऐकायचं. दमट इतकं की चष्म्यावर धुकं. आणि रातकिडे! तिकडचे दिवसाही ओरडतात. कानातलं मशीन त्यांना इमानेइतबारे मोठं करून देत होतं. शेवटी काढलं आणि डबीत सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी ठेवलं.

माझ्या दंडावर गाईडचा हात. बेडकाच्या ओरडण्यासारखं एक छोटं "प्रिप", असं तिनं नंतर सांगितलं. मला तेही ऐकू आलं की नाही, खात्री नाही. पण फांदी दिसली, आणि फांदीवरचा पक्षी जागच्या जागी वितभर उडी मारून पुन्हा तिथेच बसला. लालभडक पोट, पंखांवर निळ्या ठिपक्यांची झळक. पुन्हा उडी. पुन्हा. मादीला दाखवायला. एवढ्या अंधाऱ्या जंगलात एवढे रंग कशाला, याचं उत्तर त्या उडीत होतं.

किबालेतला बाकीचा दिवस मी मान वर करून काढला. तिथला काळा-पांढरा धनेश उडाला की पंखांचा असा जोरदार "हूश-हूश" येतो की आधी आवाज, मग सावली, मग पक्षी. धनेशांच्या पंखांच्या मुळाशी खालून छोटी आच्छादनपिसं नसतात, हवा फटींतून जाते, म्हणून हा आवाज. कोकणात महाधनेश डोक्यावरून गेला की हेच ऐकलंय. कान कितीही गेले तरी हा आवाज शाबूत राहील, असा मला भरवसा आहे.

किबालेला लागून बिगोडीची दलदल आहे. ती गावकऱ्यांची संस्था चालवते. तिकिटाचे पैसे गावातल्या शाळेसारख्या कामांना जातात. तिथे ग्रेट ब्लू तुराको बघितले, मोराच्या खालोखाल भडक आणि आवाजानं तितकेच गावंढळ. घोगरे, खर्जातले, मला सहज येणारे. रॉस तुराकोही दिसला, पंख उघडले की लाल. या लालात खरोखरचं तांबं असतं; तुरासिन नावाचं रंगद्रव्य, तुराकोंखेरीज इतर पक्ष्यांत नाही.

आणि तिथेच फ्लफटेल. पाणकोंबडीच्या जवळच्या कुळातला, चिमणीएवढाच, नराचं डोकं तांबूस, अंगावर पांढरे ठिपके. लव्हाळ्यात राहतो, बाहेर क्वचित येतो. तासभर थांबूनही कुणालाच दिसला नाही. पण त्याचा घुमारा आला, एका पट्टीतले हू, हू, हू, एवढ्याशा जिवाचा एवढा खोल आवाज. मी हात वर केला तेव्हा बाकीचे अजून कान टवकारत होते. उभ्या प्रवासात गाईडच्या पाठोपाठ दुसरा नंबर माझा लागला तो एवढाच. तिच्याकडे छोटा स्पीकर होता, आवाज लावून त्याला बाहेर काढता आलं असतं. एकदा लावला, तो गप्प झाला, तिनं बंद केला. विणीच्या दिवसांत पुन्हा पुन्हा लावत नाही, म्हणाली. आपल्याकडच्या काही कॅमेरेवाल्यांना तिच्याकडे शिकवणीला पाठवावं.

काझिंगा कालव्याचं थोडक्यात सांगते. जॉर्ज आणि एडवर्ड सरोवरांना जोडणारा हा कालवा, बोटीतून दोन तास. पाणघोडे, काठाच्या मातीत बिळं केलेले कवड्या खंड्ये, आणि वाळूच्या दांड्यावर आफ्रिकन पाणचिऱ्यांचा थवा. इथे सगळं डोळ्यांसमोर, कानांना सुट्टी. ज्यांना आधीच धास्ती वाटते त्यांनी प्रवास इथूनच सुरू करावा.

रोज रात्री जेवणाच्या टेबलावर यादी व्हायची. गाईड नावं वाचणार, आपण खूण करायची. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर एकानं यादी करून सगळ्यांना पाठवली की प्रत्येकाला आपल्या प्रतीत बदल करता येतो. परत आल्यावर मी बसून माझ्या प्रतीतले सगळे सिस्टिकोला उडवले, निम्मे सूर्यपक्षी उडवले, मला ना दिसलेले ना ऐकू आलेले सगळेच. पुण्याच्या मुलाचा मेसेज आला, "काकू, तुमचा आकडा एवढा कमी कसा?" गाईडनं ऐकलं म्हणजे ग्रुपनं ऐकलं, असं त्याचं म्हणणं. आमचं यावर अजून भांडण चालू आहे. फ्लफटेल मात्र ठेवलाय, "फक्त ऐकला" म्हणून.

आता कामाचं. पिवळ्या तापाची लस जाण्याआधी निदान दहा दिवस घ्या, प्रमाणपत्र जाताना-येताना दोन्हीकडे बघतात. गडद निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माश्या त्यांवर येतात. मशीन वापरणाऱ्यांनी ऑडिओलॉजिस्टकडून एक वेगळा प्रोग्रॅम करून घ्या, ज्यात आवाज गाळणं आणि शिट्टी दाबणं बंद असेल. नाहीतर मशीन पक्ष्यालाच गोंगाट समजून पुसून टाकतं. आणि खर्च: गोरिला वगळूनही मुलीच्या भाषेत "आई, एवढ्यात बाथरूम झालं असतं." बाथरूम पुढच्या वर्षी.