आमची वाटचाल: आधी कागद, मग गाडी

कॅनडातल्या मिसिसागातलं आमचं जुन्या गाड्यांचं गॅरेज चालायला लागलं ते डॉलरच्या कृपेने. 2011 च्या सुमाराला कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरला बरोबरीने भिडला होता. आमच्या ऑंटेरियो प्रांतातल्या हौशी मंडळींना ॲरिझोना, टेक्सासकडच्या जुन्या मस्टँग आणि कॅमारो गाड्या एकाएकी परवडायला लागल्या. तिकडच्याच का? तर इकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पसरतात आणि ते पत्रा खातं. चाकांवरच्या कमानी आणि पायाखालचा पत्रा आधी जातो, वरून पुट्टी मारून रंग काढला की गिऱ्हाईक फसतं. वाळवंटातल्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला, डॅशबोर्ड तडकलेला, पण पत्रा ठणठणीत. पुण्यात डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये वाढलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं!

आमचं काम तेव्हा फक्त दुरुस्तीचं. पण गिऱ्हाइकं यायची ती गाडीशिवाय. गाडी सीमेवरच्या पीस ब्रिजच्या पलीकडे, अमेरिकेतल्या बफेलोत कागदांपायी अडकलेली, आणि मालक आमच्या ऑफिसात कपाळाला हात लावून. बायकोने पुण्यात बँकेत कर्जखातं सांभाळलं होतं, कागद वाचायची तिला सवय. तिने अशा एका गाडीची फाइल हातात घेतली आणि आमचा धंदा बदलला: दुरुस्तीच्या आधी गाडी सीमेपार आणायचे कागद. आज कमाईचा मोठा वाटा तिच्या टेबलावरून येतो, माझ्या जॅकवरून नाही.

लोक घाबरतात कॅनडाच्या कस्टम्सला. खरं तर जुन्या गाडीसाठी ही बाजू सोपी. गाडी 15 वर्षांची झाली की कॅनडाचे आयातीचे सुरक्षा-नियम तिला लागू होत नाहीत, फॉर्म 1 हा गाडी-आयातीचा फॉर्म भरायचा आणि कर द्यायचा. खरी अडचण अमेरिकेतून बाहेर पडताना. मूळ टायटलसह, म्हणजे मालकीच्या दाखल्यासह, कागद निर्यातीच्या किमान 72 तास आधी अमेरिकन कस्टम्सकडे पोचलेले हवेत, आणि गाडी नेताना ती तिथे दाखवून शिक्का घ्यायचा. 2014 पासून ऑनलाइन निर्यात-नोंदणी करून तिचा आयटीएन नावाचा क्रमांकही घ्यावा लागतो. कॅनडातल्या सामान्य माणसाकडे अमेरिकेचा कर-क्रमांक नसतो, म्हणजे तिथला एजंट आलाच.

एका 1965 च्या मस्टँगचं सांगतो. त्या काळी गाडीला आजचा 17 अक्षरी ओळख-क्रमांक नव्हता, तो 1981 पासून आला. बॉनेट उघडलं की डाव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर क्रमांक ठोकलेला असतो: 5 म्हणजे 1965, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, 07 म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छताची), सी म्हणजे 289 घन इंचांचं इंजिन. टायटलवर मात्र पहिल्या 5 च्या जागी इंग्रजी एस! कुठल्या तरी कारकुनाने टाइप करताना केलेला प्रताप, आणि आधीच्या मालकांपैकी कुणीही तो पाहिला नव्हता. आम्ही विकणाऱ्याला सांगितलं, टायटल दुरुस्त होऊन येईपर्यंत पैसे मिळणार नाहीत. तो वैतागला, पण पठ्ठ्याने दुरुस्त करून आणलं. पत्र्यावरच्या क्रमांकाचा फोटो आणि टायटल शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवल्याशिवाय आम्ही आजही कुणाला इसार देऊ देत नाही. ‘घेऊ नका’ असं सांगण्याचेही आम्ही पैसे घेतो. काहींना ते खटकतं. खटकू दे.

करांत लोक चकतात ते गाडी कुठे बनली यावर. अमेरिकेतल्या ओहायोत घेतलेली एमजीबी ही स्पोर्ट्स कार अमेरिकेची होत नाही, ती इंग्लंडची. म्हणून 6.1 टक्के ड्युटी. 10,000 कॅनेडियन डॉलरच्या गाडीला 610, त्या बेरजेवर 5 टक्के जीएसटी, आणि ऑंटेरियोत नोंदणी करताना प्रांताचे 8 टक्के वेगळे. गाडीत एसी असला तर आणखी 100 डॉलर. मग जुन्या कॅडिलॅकमधला तो एसी थंड हवा सोडून बाकी सगळं करत असला तरी.

जानेवारी 2016 मध्ये आपला डॉलर 69 अमेरिकन सेंटच्याही खाली गेला आणि स्वस्त गाडीचं गिऱ्हाईक संपलं. उरले ते एकच गाडी वर्षभर शोधणारे. गाड्या कमी झाल्या, तपासणी वाढली. 2020 मध्ये सीमा बंद झाली तरी मालट्रक चालू होते, त्यामुळे आम्ही न जाता गाड्या येत राहिल्या. तिथले मेकॅनिक व्हिडिओ कॉलवर चुंबक फिरवून पुट्टी दाखवायचे. एप्रिल 2025 मध्ये कॅनडाने अमेरिकी गाड्यांवर 25 टक्के जादा कर आणला तेव्हापासून तोंडी अंदाज देणं बंद केलं. त्या-त्या गाडीचा हिशोब कस्टम ब्रोकरकडून लेखी घेतो.

मराठी गिऱ्हाईक फार नाही. पण सध्या शेडमध्ये ठाण्याहून आलेली एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे, मालकाच्या वडिलांची. ती समुद्रमार्गे आली. अमेरिकेतून रस्त्याने येणाऱ्या गाडीच्या चिखलाकडे फारसं कुणी बघत नाही, पण इतर देशांतून येणाऱ्या जुन्या गाडीवर मातीचा कणही चालत नाही. ठाण्यातच लिफ्टवर चढवून वाफेने धुवून घेतली. कमानीतला वाळलेला चिखल, मॅटखालची वाळू, डिकीच्या कोपऱ्यातली पानं, सगळं. 30 वर्षांवरची म्हणून हिस्टॉरिक नंबरप्लेट मिळाली असती, पण तिच्यावर प्रदर्शन, मिरवणूक अशा मोजक्या कामांपुरतंच फिरता येतं, आणि मालकाला नातवंडांना घेऊन आइस्क्रीम खायला जायचंय. म्हणून साधी प्लेट, आणि त्यासाठी सेफ्टी सर्टिफिकेट. ब्रेकचे सिलिंडर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मागवले आहेत.