आठ गाणी म्हणजे एक बाजू

लग्नाच्या पंगतीत विचारलंत, हुतात्मा बागेत सकाळी फिरताना विचारलंत, परवा तर अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्यानं विचारलं. "अण्णा, 22 वर्षं लोकांना कॅसेटा भरून दिल्या तुम्ही. निर्जन बेटावर जायची वेळ आली तर स्वतः कोणती आठ गाणी न्याल?" मी दर वेळी "सांगतो की निवांत" म्हणून सटकतो. त्यावरून काहींनी ठरवलंय की मी भाव खातो. काहींना वाटतं, दुकान बंद झाल्यापासून माझं गाण्यातलं मन उडालं. दोन्ही खोटं आहे. एकदाच लिहून टाकतो.

प्रश्न मूळचा बीबीसीचा. जानेवारी 1942 पासून त्यांच्या रेडिओवर हा खेळ चालू आहे. पाहुण्याला कल्पनेतल्या बेटावर टाकायचं, सोबत आठ तबकड्या, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू द्यायची. शेवटी विचारायचं, लाट आली तर आठांतली कोणती वाचवाल? त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या सोलापुरात जन्मलेले डॉ. कोटणीस चीनमध्ये वारले. घरापासून खरोखर लांब गेलेल्या त्या माणसाला कुणी विचारलं नसणार की डॉक्टर, गाणी कोणती घेतलीत. असो.

मला हे पहिल्यांदा भाचीनं सांगितलं. तिच्या तोंडून "डेझर्ट आयलंड" ऐकलं आणि मी वाळवंट समजलो. म्हटलं, वाळवंटात बेट कुठलं गं? ती हसली. "मामा, इथं डेझर्ट म्हणजे ओसाड. निर्जन." पण तोवर वाळवंट डोक्यात शिरलं होतं आणि त्याच्यामागून एक माणूस.

तसं सोलापूरकराला निर्जन बेट कळायचं कसं? आपलं बेट म्हणजे सिद्धेश्वराचं देऊळ. भोवती तळ्याचं पाणी आणि गड्ड्याच्या यात्रेत पाय ठेवायला जागा नाही.

आधी धंद्याचं गणित सांगतो. सिनेमातलं गाणं साधारण साडेतीन मिनिटांचं, कारण मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. तबकड्या गेल्या, सवय राहिली. आठ गाण्यांची होतात 28 मिनिटं. साठच्या कॅसेटची एक बाजू 30 मिनिटांची. म्हणजे तुमचा तो गहन प्रश्न माझ्या काउंटरवर रोज यायचा: "एक बाजू भरून द्या." उरलेल्या दोन मिनिटांचं दुकानदार काय करतो, त्यावरून त्याची नियत कळते. काहीजण पुढचं गाणं अर्धं भरून मध्येच तोडायचे. मी ती पट्टी कोरी सोडायचो. ह्याचा मला अभिमान होता. (हा सगळा धंदाच चोरीचा होता, हेही लिहून ठेवतो. गाणी कुणाची, पैसे कुणाला. तेव्हा गल्लोगल्ली तेच चालायचं, हे काही उत्तर नव्हे.)

माझी आठ गाणी नव्हती असं नाही. 1986 साली वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईनं लिहिली होती. गीतरामायणातलं एकही घेतलं नाही, कारण 56 मधून एक उचलणं मला पाप वाटलं होतं. तेव्हाचा मी असलाच होता. गिऱ्हाइकानं उडत्या चालीचं काही मागितलं की भरून द्यायचा, पण चेहरा असा करायचा की त्यानं पुन्हा मागू नये. त्याला आज भेटलो तर म्हणेन, गड्या, तू हिणवलेली निम्मी गाणी मी आता आंघोळीला गुणगुणतो. तो म्हणेल, म्हातारा झालास. त्याचंही खरं असेल.

आता तो माणूस. 1993 ची गोष्ट. पूर्वभागातला पोरगा, विशीतला, यंत्रमागावर कामाला. सौदीला निघाला होता, दम्मामच्या बाहेर रस्त्याच्या कामावर. टीडीकेची कोरी साठची कॅसेट आणि यादी घेऊन आला. पंधरा गाणी, काही तेलुगू, काही हिंदी. शिवाय घरची एक जुनी कॅसेट. म्हणाला, "अण्णा, ह्यातलं अम्माचं एक आहे. ते शेवटी भरा." गाण्यामागं 1 रुपया घ्यायचो. अम्माच्या गाण्याचाही रुपया लावला. तेही लिहून ठेवतो.

रात्री ती कॅसेट डेकला लावली. त्यांच्या घरातच माग, दिवसभर खटाखट, त्यामुळं लाईट गेल्यावर सेलवर टेप चालवून भरलेलं. आधी नुसती खरखर. मग विडी वळायची पानं कापणाऱ्या कात्रीचा कचकच आवाज आणि त्यावर एका बाईचं तेलुगूत गुणगुणणं. गळा बरा, सूर कधी खाली कधी वर. दोनेक मिनिटांनी लाईट आली असणार. लांबचा एक माग सुरू झाला, मग शेजारचा, मग घरातला. बाईचा आवाज त्यात बुडून गेला. ती गातच असेल, ऐकू येत नव्हती एवढंच.

मी ते भरलं नाही.

कॅसेटवर माझ्या दुकानाचं लेबल असायचं. असला आवाज बाहेर गेला तर लोक म्हणणार, ह्याचा डेक बिघडलाय. म्हणून मी तिथं लताबाईंचं एक गाणं टाकलं, माझ्या लाल शाईच्या यादीतलं तिसरं. मला वाटलं, पोराला मी स्वतःचं काहीतरी देतोय. दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅसेटा त्याच्या हातात ठेवल्या, भरलेली आणि घरचीही. मी काही पुसलं नाही, हे नीट ध्यानात घ्या. बोललो मात्र काही नाही.

1995 ला तो खजुराचा पुडा घेऊन दुकानात आला. रंग रापलेला, मनगटावर घड्याळ. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "अण्णा, अम्माचं भरलंच नाही की हो."

"आवाज स्वच्छ नव्हता रे. त्याच्याऐवजी चांगलं गाणं टाकलं."

"चांगलं होतं की. खोलीतल्या सगळ्यांना तेच आवडायचं." मग काउंटरवरचा कापूस उगाच चिमटीत धरून म्हणाला, "पहिले दोन महिने मला वाटायचं, त्याच्यापुढं असेल. पट्टी संपेपर्यंत ऐकत बसायचो."

म्हणजे मी अभिमानानं कोरी सोडलेली पट्टी.

मी विचारलं, घरची कॅसेट आहे का, आता भरून देतो, पैसे नकोत. तो म्हणाला, धाकट्यानं तिच्यावर क्रिकेटची कॉमेंट्री भरली. अम्मा? "अम्मा आहे की. पण आता गा म्हटलं की लाजते. बरंच झालं अण्णा, तिकडं ऐकलं असतं तर परत आलो असतो." ते हसून म्हणाला. त्यानं मला सोडवलं की सुनावलं, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन सेल घेतले आणि गेला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याचं काय? मीही स्वतःला पुष्कळदा तेच म्हणालोय. तंत्राचं कारण खरंच होतं. पण त्याच आठवड्यात एका वकिलांच्या नातवाची बोबडी बडबड मी कॅसेटच्या शेवटी भरली होती, स्पिरिटनं हेड दोनदा पुसून. तिच्यात खरखर कमी नव्हती. जन्म सोलापुरात गेला, शेजारी तेलुगू, समोर कन्नड, आणि त्या बाईचे शब्द मला कळले नाहीत म्हणून ते गाणंच नाही, असं मी ठरवलं. वकिलांच्या नातवाचेही शब्द कळत नव्हते.

तेव्हा आठ गाणी सांगायला बसलो की पहिली दोन पटकन येतात. तिसऱ्याला अडकतो. ते वगळून सात सांगावीत तर तुम्ही "आठवं?" म्हणून मागं लागणार. ते सांगावं तर ते आता माझं राहिलेलं नाही, दम्मामच्या खोलीतल्या माणसांचं झालंय. नवी यादी करा, असं भाची म्हणते. करीन कदाचित. गाणं मात्र अजून सुंदरच आहे, त्याचा काय दोष.

दुकानाच्या वह्या माळ्यावर आहेत. मागच्या दिवाळीत त्या पोराचं पान सापडलं. पंधरा गाणी, खाली त्याच्या अक्षरात "अम्माचं, शेवटी". प्रत्येक ओळीपुढं मी भरल्याची बरोबरची खूण केली आहे. सोळाव्या ओळीपुढंही आहे. भरलं नव्हतं तर खूण का केली, असं विचाराल. घाई होती. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती आणि माझ्याकडं आणखी सतरा कॅसेटा भरायच्या पडल्या होत्या.