बर्फाचा अंदाज विचारताना आधी उंची विचारावी

माझा भाचा आणि त्याचे चार मित्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडातील सांकरी गावातून सुरू होणाऱ्या केदारकंठाच्या ट्रेकला निघाले आहेत. परवा तो घरी आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "मावशी, सांकरीला पंधरा सेंटिमीटर बर्फ दाखवतोय, म्हणजे नक्की मिळणार ना?" अंदाज आठ दिवसांनंतरचा होता आणि त्याच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता. त्याला एका वाक्यात उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मीही असाच एक आकडा पाहून सांकरीला पोहोचले होते. मोबाइल रात्रभर बर्फ दाखवत होता आणि आमच्या खोलीच्या पत्र्यावर रात्रभर पाऊस वाजत होता. अंदाज साफ चुकला, असे समजून मी खट्टू झाले होते. सकाळी ढग वर सरकले, तेव्हा समोरच्या डोंगरावर पट्टीने आखावी तशी एक आडवी रेघ दिसली. रेघेच्या वर सगळे पांढरे आणि खाली देवदारांचा काळपट हिरवा रंग. आमच्या स्थानिक वाटाड्याने त्या रेघेकडे पाहूनच पुढचा मुक्काम किती बर्फात असेल ते सांगितले, आणि ते खरे ठरले. त्या दिवसापासून माझी अशी पक्की समजूत झाली आहे की, डोंगरातील बर्फाचा अंदाज हा मुळात त्या रेघेच्या उंचीचा अंदाज असतो आणि सेंटिमीटरचा प्रश्न त्यानंतर येतो.

याचे कारण साधे आहे. हवेचे तापमान दर किलोमीटर उंचीमागे सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. सांकरी सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि केदारकंठाचे शिखर सुमारे ३,८०० मीटरवर, म्हणजे एकाच ट्रेकच्या दोन टोकांमध्ये सुमारे बारा अंशांचा फरक पडू शकतो. हवामानाचे जागतिक प्रारूप, म्हणजे संगणकावर अंदाज काढणारे मॉडेल, मात्र पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करते. अमेरिकेच्या जीएफएस प्रारूपाचा चौकोन सुमारे १३ किलोमीटरचा, युरोपीय हवामान केंद्राचा सुमारे ९ किलोमीटरचा, तर २०२५ मध्ये आपल्याकडे सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'चा ६ किलोमीटरचा आहे. हिमालयात सहा किलोमीटरांत दरी, जंगल आणि शिखर असे सगळेच सामावते, आणि प्रारूप त्या सर्वांची मिळून एकच गुळगुळीत उंची धरते. समजा, सांकरीच्या चौकोनाची उंची २,७०० मीटर धरली गेली आणि तिथे तापमान उणे १ अंश निघाले, तर ७५० मीटर खाली असलेल्या प्रत्यक्ष गावात ते अधिक ४ अंशांच्या आसपास असेल. मोबाइलवर बर्फाचे चिन्ह दिसेल आणि गावात पाऊस पडेल. काही संकेतस्थळे ही दुरुस्ती करून आकडे देतात, काही देत नाहीत. म्हणून अंदाज कोणत्या उंचीसाठी आहे, हे आधी शोधावे आणि ते सापडत नसेल, तर शून्य अंशाची पातळी किती मीटरवर आहे, एवढे तरी पाहावे. बर्फ वितळायला थोडे अंतर लागते, त्यामुळे साधारणपणे या पातळीच्या दोनतीनशे मीटर खालपर्यंत तो टिकून पडतो.

ही रेघ रात्रभर एका जागी थांबत नाही, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. बर्फ वितळताना आजूबाजूच्या हवेतील उष्णता शोषून घेतो, म्हणून पाऊस जोरदार आणि बराच वेळ पडला, तर हवा थंड होत जाते आणि रेघ हळूहळू खाली उतरते. अरुंद दरीत हा परिणाम अधिक जाणवतो, कारण तिथे थंडावणाऱ्या हवेचा साठा लहान असतो. संध्याकाळी पाऊस असलेल्या गावात पहाटे बर्फ दिसतो, त्याचे एक कारण हेच आहे.

दुसरे कारण आपल्या माठातल्या पाण्याला ठाऊक आहे. माठातून झिरपणारे पाणी वाफ होताना गारवा देते, आणि हवा जितकी कोरडी तितके पाणी अधिक गार होते. पडणारा बर्फही कोरड्या हवेत स्वतःची थोडी वाफ होऊ देतो आणि थंड राहतो. म्हणून हवा पुरेशी कोरडी असेल, तर तापमान ३-४ अंश असूनही बर्फ पडू शकतो, आणि हवा दमट असेल, तर २ अंशांवरही पाऊसच पडतो. हवामानशास्त्रज्ञ यासाठी ओल्या फुग्याच्या, म्हणजे फुगा ओल्या कापडात गुंडाळलेल्या, तापमापकाचे तापमान पाहतात, आणि ते शून्याच्या जवळपास किंवा त्याखाली असले की बर्फाची आशा धरतात.

आता सेंटिमीटरचे. १० मिलिमीटर पाण्यापासून १० सेंटिमीटर बर्फ होतो, हा ढोबळ हिशेब आहे. शून्याजवळचा ओला, जड बर्फ तेवढ्याच पाण्यात पाचसहा सेंटिमीटरच भरतो, तर कडक थंडीतील हलका बर्फ पंधरावीस सेंटिमीटरही होतो. म्हणून मी बर्फाच्या आकड्याऐवजी पाण्याचा आकडा पाहते.

आठ दिवस आधी यातले फारसे काही ठरलेले नसते. हिवाळ्यात हिमालयाला बर्फ देतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून, वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन ते इराण, अफगाणिस्तानमार्गे इकडे येतात आणि डोंगरावर चढताना ओलावा रिता करतात. झंझावात येणार, हे चारपाच दिवस आधी बऱ्यापैकी समजते. तो शंभर किलोमीटर उत्तरेला सरकेल का, हे समजत नाही, आणि एखाद्या दरीचे नशीब त्यावरच ठरते. म्हणूनच युरोपीय केंद्र सुरुवातीच्या नोंदींत बारीक फरक करून एकाच दिवसाची ५१ गणिते मांडते. ती एकमेकांशी जुळत असतील तर विश्वास ठेवावा, पांगलेली असतील तर वाट पाहावी. ही वाट लांबूही शकते: जानेवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात खुद्द गुलमर्गचे उतार उघडे होते. बर्फ आला तो महिनाअखेरीस. शेवटच्या काही तासांसाठी मात्र रडारसारखे दुसरे साधन नाही, आणि सुरकंडा देवी, मुक्तेश्वर, कुफरी अशा उंच ठिकाणी आता डॉप्लर रडार बसल्यामुळे पूर्वीपेक्षा बरेच अधिक दिसते. नवा बर्फ भरपूर पडल्यावर तीव्र उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो. त्यासाठी चंडीगडची संरक्षण संशोधन संस्था देत असलेला इशारा पाहावा आणि तो पाळावा, यात माझ्या दृष्टीने चर्चेला जागा नाही.

नाशिकमध्ये राहून मला या सगळ्याचा एवढा ध्यास का, असे भाच्याने विचारले. माझे माहेर निफाड तालुक्यातले, द्राक्षबागेचे. झंझावात उत्तरेकडे असतो, तेव्हा आपल्याकडे बहुधा ढग येतात, थंडी ओसरते आणि अण्णा भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरील रोगांच्या चिंतेने बागेत फेऱ्या मारतात. तो पुढे सरकला आणि आकाश निरभ्र झाले, की उत्तरेचे कोरडे वारे दोनतीन दिवसांत इथवर पोहोचतात. निफाड नाशिकपेक्षा थोडे खालीच आहे, तरी पहाटे तिथला पारा शहरापेक्षा अधिक उतरतो, कारण शांत रात्री जड, गार हवा नदीकाठच्या सखल भागात साचते. हिमालयातील दऱ्यांतही असेच घडते. म्हणून बर्फ थांबल्यानंतरच्या स्वच्छ रात्री दरीतला तंबू उतारावरच्या तंबूपेक्षा अधिक गारठलेला असू शकतो. निफाडला अशा गार रात्रींमुळे पिंक बेरी होऊ नये, म्हणजे मणी गुलाबी पडू नयेत, म्हणून अण्णा घडांना कागद लावून घेतात, पहाटे ठिबकने पाणी सोडतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात. झंझावात फारच दक्षिणेला वाकला आणि समुद्रावरील ओलाव्याला भेटला, तर काय होते, ते निफाडने नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस गारपिटीत पाहिले आहे. दूरदर्शनवर सिमल्याच्या बर्फाची बातमी लागली, की अण्णा आजही आवाज वाढवायला सांगतात.

भाच्याला मी एवढेच करायला सांगितले आहे: निघण्याच्या तीन दिवस आधी शून्य अंशाची पातळी आणि पाण्याचे मिलिमीटर दोन वेगवेगळ्या प्रारूपांत पाहून वहीत लिही, निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा पाहा, आणि सांकरीला पोहोचल्यावर सकाळी समोरच्या डोंगरावरची रेघ कुठे आहे, त्याचा फोटो मला पाठव. पावसाचा कोट मात्र पिशवीत सर्वांत वर ठेव, कारण सध्या ती पातळी २,६०० मीटरच्या आसपास दिसते आहे, आणि ती तशीच राहिली तर सांकरीत पाऊसच पडेल.