दुकान खाली, घर वर

मिरजेतलं आमचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे विजेच्या जळक्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान वडिलांनी काढलं, पण त्याला नाव मिळालं दादाच्या हातामुळं. उन्हाळ्यात विहिरींवरचे जळके पंप आले की दादा रात्र रात्र बसून कॉइल भरायचा. आज दुकान मी बघते, आणि वरच्या मजल्यावर व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेली सहा माणसं राहतात. त्यातले चौघे खाली कामाला असतात. गिऱ्हाईकं विचारतात, हे दोन्ही एकत्र कसं आलं? म्हणून लिहिते.

दादाची दारू आम्हाला मोटारींनी सांगितली. स्लॉटमध्ये तार बसवताना हात थरथरला की तारेवरचं इनॅमल, म्हणजे वीज अडवणारा लेप, खरवडतं. मोटार दुकानात चालते आणि शेतावर आठ दिवसांत जळते. गॅरंटीत परत आलेल्या मोटारींची दाराशी रांग लागली. वहिनीनं जाहिरात बघून चहातून द्यायची पावडर मागवली. त्यात काय असतं, आम्ही विचारलंही नाही. डायसल्फिरामसारखं दारू सोडवायचं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं, हे मला पुढं डॉक्टरांकडून कळलं. ते औषध तपासणी करून, पिणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. आजही फोनवर कुणी पावडरीबद्दल विचारलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मग केंद्र शोधलं. आम्ही विचारलं काय, तर फी किती, महिने किती, पळून तर नाही ना जाणार? रात्री गाडी आली, तिघांनी दादाला उचललं. पोरं बघत होती म्हणून वहिनीनं मधलं दार लावून घेतलं. दुसऱ्या रात्री दादाला फिट आली. तिथं डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे! दादाला दवाखान्यात हलवल्यावर आम्हाला फोन आला.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आणि यात माणूस दगावूही शकतो. म्हणून केंद्राला माझा पहिला प्रश्न आता एकच असतो: पहिल्या चार रात्री डॉक्टर कुठं असतात? नुसती सलाईन लावतात, की ग्लुकोजच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात? फोटोतली बाग आणि जिम नंतर बघा.

दुसरा प्रश्न नोंदणीचा: केंद्र कायद्याखाली नोंदलेलं आहे का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळं होणारे मानसिक त्रासही येतात. माणसाला साखळीनं बांधायला त्यात मनाई आहे. मनाविरुद्ध दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, नातेवाइकांची सही आणि गाडी एवढ्यावर भागत नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं असतं तर ती रात्र टळली असती.

दुसऱ्या वेळी दादा आपल्या पायानं पुण्याला मुक्तांगणला गेला. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे केंद्र, आणि तिथले बरेच कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर आलेले. दादा चांगला होऊन आला, आणि अकराव्या दिवशी स्लिप झाली, म्हणजे तो परत प्यायला. पगाराचा दिवस, खिशात रोकड, स्टँडजवळची तीच गल्ली. केंद्राला दोष देण्यासारखं काही नव्हतं. आम्हीच त्याला जुन्या वाटेवर परत सोडलं होतं.

तेव्हा वरच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या. आधी दादा आणि त्याचा तिथला एक सोबती राहिला. शेजाऱ्यांनी बैठक बोलावली, दारुडे आणून ठेवले म्हणाले. मी प्रत्येकाला वर नेऊन खोल्या दाखवल्या. निम्मे तरी निवळले. पगार बँकेत जातो. थिनर आणि वॉर्निश कुलपात, किल्ली माझ्याकडं, कारण वासाचंही व्यसन लागतं. संध्याकाळी सगळे एएच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस गटाच्या, मीटिंगला जातात. घरच्यांसाठी अल-अनॉन हा तसाच गट असतो. वहिनी आधी जायला तयार नव्हती, आता तीच इतर बायकांना घेऊन जाते. गटारीला वर मटण शिजतं आणि त्या रात्री कुणी एकटं झोपत नाही. तरीही स्लिप होते. दोघांना परत उपचाराला पाठवलं, एक आला, एक आला नाही. त्याचा डबा अजून फळीवर आहे.

खोल्यांच्या भाड्यातून वीज आणि जेवण निघतं, फायदा नाही. तो खालच्या मोटारींतून काढायचा.

नवीन आलेल्याला दादा लगेच तार देत नाही. इन्सुलेशनचा कागद कापायला बसवतो. तीन-चार आठवड्यांनी पोरगा स्वतःहून म्हणतो, "दादा, आता कॉइल भरू का?" दादा हातातलं काम थांबवतो आणि त्याला दोन्ही हात टेबलावर पसरायला सांगतो.