श्निट्सेल, पण तळायचं नाही

रविवारी अकराच्या सुमारास जर्मनीतल्या आमच्या श्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात लाटण्याची धपाधप सुरू झाली. इथे रविवारी कुणी भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी दार वाजवतात, म्हणून दर चार धपाट्यांनी मी थांबून कानोसा घेत होते. लाटण्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, डुकराच्या पाठीच्या मांसाचे काप. चरबी जवळजवळ नाहीच.

नवऱ्याचा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आल्यापासून घरात तळण बंद आहे. श्निट्सेल, म्हणजे मांसाचा बदडून पातळ केलेला, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला काप, मात्र हवं. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून चार चमचे तेलात भागवायला गेले. वरचं आवरण सगळं तेल पिऊन ओल्या घोंगडीसारखं लोंबायला लागलं. खरं श्निट्सेल बोटभर खोल बुटरश्माल्त्समध्ये, १७० अंशांच्या आसपास तळतात. बुटरश्माल्त्स म्हणजे आपलं तूपच, फक्त घरच्या कढवलेल्या लोण्याचा खमंगपणा त्याला नाही. तळताना पॅन हलवत राहायचं, म्हणजे गरम तूप वरूनही वाहतं, आतली वाफ कोंडते आणि आवरण मांसापासून सुटून लाटांसारखं फुगतं. इतकं तूप वापरूनही ते हाताला तेलकट लागत नाही. चार चमचे तेलात पुऱ्या तळायला मी कधी गेले असते का? मग इथे अक्कल कुठे गेली होती, कोण जाणे.

तेव्हा ओव्हन. पण पांढरा ब्रेडचा चुरा ओव्हनमध्ये सोनेरी होईपर्यंत आतलं मांस वातड होतं. म्हणून चुरा आधीच कढईत, चमचाभर तुपावर, बेसनलाडवाच्या बेसनाइतका भाजून घेते. काप तळणीच्या श्निट्सेलपेक्षा किंचित जाड ठेवते. मग जाळीवर मांडून २२० अंश, मध्ये एकदा उलटायचं. ताटातच ठेवलं तर खालची बाजू घाम येऊन मऊ पडते.

मैदा, फेटलेलं अंडं आणि चुरा अशा तीन ताटल्या ओळीने मांडायच्या, त्या ओळीला इथे पानीरश्ट्रासे म्हणतात. श्ट्रासे म्हणजे रस्ता. पानीर म्हणजे असं आवरण लावणं, पनीरशी त्याचा काही संबंध नाही. पहिल्या वर्षी मी दुकानात तसं समजून फसले होते. या रस्त्यावर माझा हात अजून चुकतो. मी मालवणची. बांगड्याला रवा लावायचा तो तळहाताने दाबून, हे लहानपणापासून हातात बसलंय. श्निट्सेलला चुरा दाबायचा नाही, नुसतं लोळवायचं. दाबला की आवरण चिकटून बसतं, फुगत नाही. ओव्हनमध्ये तसंही फुगत नाही म्हणा. फोनवर आईला हे सांगितलं तर म्हणाली, "दाबल्याशिवाय चिकटतला कसा गो?" मांस कुठलं ते तिने विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

राहिला नावाचा प्रश्न. वीनर श्निट्सेल म्हणून विकायचं तर मांस वासराचंच हवं, असा इथे दंडक आहे. डुकराचं असेल तर मेनूवर 'वीनर आर्ट', म्हणजे व्हिएन्नाच्या धर्तीचं, असं लिहावं लागतं. मग डुकराचं, न तळलेलं, लाटण्याने बदडलेलं आणि मालवणी हाताने दाबलेलं असेल तर काय लिहायचं?

दुपारी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. मी माफी मागायला तोंड उघडणार, तोच त्याच म्हणाल्या, "श्निट्सेल होतं ना?" तो आवाज त्यांना चांगलाच ओळखीचा. मी वर जाऊन एक तुकडा लिंबाच्या फोडीसकट ताटलीत घालून आणला. त्यांनी काट्याने आवरण टोकरलं, खाली कुठे पोकळी आहे का ते पाहिलं, एक घास खाल्ला आणि विचारलं, "तळलं कशात?" ओव्हन म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, पण उरलेला तुकडा संपवला. इथल्या, म्हणजे स्वाबियन, लोकांत म्हण आहे: रागावलं नाही, म्हणजे भरपूर कौतुक झालं. मी खुशीत जिना चढले.

संध्याकाळी दाराशी ताटली परत आली होती, लख्ख धुतलेली. तिच्यात बुटरश्माल्त्सचा एक न उघडलेला डबा.