संध्याकाळी घेतलेले माप

मधुमेही रुग्णांच्या पायांची तपासणी जिथे होते अशा पुण्यातील एका बाह्यरुग्ण विभागात मी काम करते. पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही फोनवरच सांगून ठेवतो की, रोज सर्वांत जास्त वेळ जे पायताण पायात असते तेच घालून या. लग्नकार्यासाठी राखून ठेवलेले नवे जोडे घालून येऊ नका. पावलावरच्या जखमेचे कारण पुष्कळदा बुटात सापडते, आणि बूट समोर नसेल तर आम्ही नुसती मलमपट्टी करत राहतो. या सूचनेमुळेच एका सुरक्षारक्षक काकांचे काळे बूट त्या सकाळी माझ्या टेबलावर आले.

काका मूळचे बीड जिल्ह्यातले, वय साठीच्या अलीकडचे. एका गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर त्यांची बारा तासांची ड्युटी असे. डाव्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला साधारण एक सेंटिमीटरची जखम होती, तिच्याभोवती जुन्या घट्ट्याची पांढरट कड होती आणि मोज्यावर डाग दिसल्यामुळे ती प्रथम त्यांच्या पत्नीच्या लक्षात आली होती. ‘‘दुखत असतं तर आलो असतो की लवकर,’’ काका म्हणाले. ‘‘बूट तर बरोबर बसतो, मॅडम. किती वर्षं झाली, आठ नंबरच घालतोय.’’

दहा ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा मी त्यांच्या चवड्यावर आणि अंगठ्यावर टेकवत गेले. डोळे मिटून बसलेल्या काकांनी दोन्ही पावलांवर एकाही ठिकाणी ‘हो’ म्हटले नाही. कंप पावणारा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला, तोही त्यांना कळला नाही. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी मात्र चांगली लागत होती. याचा अर्थ असा की रक्तपुरवठा शाबूत होता, दाब काढून घेतला तर जखम भरण्याची चांगली आशा होती. पण दाब कुठे पडतो आहे हे सांगणारी संवेदनाच मधुमेहाने नाहीशी केली होती. अशा पावलांच्या बाबतीत एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. सैल किंवा बेताचा बूट त्यांना पायात असल्यासारखा वाटतच नाही, आवळून धरणारा बूट तेवढा जाणवतो, आणि म्हणून दुकानात अनेक जोडांतून ते नेमका घट्ट जोड निवडतात. ‘बरोबर बसतो’ हे काकांचे म्हणणे पूर्ण प्रामाणिक होते आणि त्यावर विसंबणे तितकेच धोक्याचे होते.

बूट गणवेशाचे होते. सुपरवायझर फोनवर नंबर विचारतो आणि खोके येते, एवढाच त्यांच्या निवडीचा इतिहास होता. मी आतला सुखतळा बाहेर काढला. पाच बोटांचे काळपट ठसे त्यावर स्पष्ट उमटले होते; अंगठ्यापुढे जागा शिल्लक होती, पण करंगळीचा ठसा अर्धाच होता, कारण उरलेली करंगळी सुखतळ्याच्या कडेबाहेर बुटाच्या भिंतीला टेकत होती. सुखतळ्याची सर्वांत जास्त रुंदी साडेनऊ सेंटिमीटर भरली. काकांना उभे करून माप घेतले तेव्हा डाव्या पावलाची लांबी २५.८ आणि चवड्याची रुंदी १०.५ सेंटिमीटर आली. बुटाची वरची बाजू थोडी फुगते हे खरे असले तरी एक सेंटिमीटरचा फरक ती सामावून घेऊ शकत नाही.

तरीही हे माप बुटासाठी मी कधीच अंतिम धरत नाही. दिवसभर उभे राहिल्याने, चालल्याने किंवा खुर्चीवर पाय लोंबते ठेवून बसल्यानेही पाणी खाली उतरते आणि पाऊल भरते. सकाळी दहा वाजता दवाखान्यात घेतलेले माप हे विश्रांती घेतलेल्या पायाचे असते, बूट मात्र थकलेल्या पायाला सांभाळायचा असतो. म्हणून आम्ही घरच्या माणसाला माप घ्यायला शिकवतो आणि ते संध्याकाळी, काम संपल्यावर घ्यायला सांगतो. सोबत आलेल्या काकू घरी ब्लाऊज शिवून देतात हे बोलण्यातून कळले, तेव्हा माझे निम्मे काम सोपे झाले. मी सांगायला सुरुवात करताच त्यांनी विचारले, ‘‘माप अंगासरशी घ्यायचं, का माया धरून?’’ माया म्हणजे शिवणकामात मापाहून जास्त सोडलेली जागा. इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला आहे. माप अंगासरशीच घ्या, माया नंतर धरू, असे मी त्यांना सांगितले.

पुढची दहा-पंधरा मिनिटे आम्ही दोघी फरशीवरच बसलो होतो. माप गादीवर किंवा सतरंजीवर घ्यायचे नाही, सपाट फरशीवर घ्यायचे. ज्याचे माप घ्यायचे त्याने दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभे राहायचे, कारण बसलेल्या माणसाचे पाऊल आखूड आणि अरुंद भरते; आणि त्याने स्वतः वाकून रेघ मारायची नाही, कारण वाकताच भार सरकतो आणि पाऊलही हलते. बूट ज्या मोज्यांवर घालायचा तेच मोजे पायात हवेत. टाच भिंतीला टेकवायची. पण आपल्या घरांत भिंतीच्या बुडाशी फरशीची पट्टी थोडी पुढे आलेली असते, तेव्हा टाच त्या पट्टीला टेकवून कागदही तिथूनच सुरू करायचा, नाही तर तेवढे माप हरवते. पेन्सिल अगदी उभी धरायची, कारण ती आत कलली तर रेघ पावलाखाली शिरते आणि कमानीच्या बाजूला तर पाऊल आहे त्याहून फारच चिंचोळे दिसते. लांबी सर्वांत पुढे आलेल्या बोटापर्यंत मोजायची; ते बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकांचे अंगठ्याशेजारचे बोट लांब असते. रुंदीसाठी मी त्यांना रेघेवर अवलंबून राहू दिले नाही. पेन्सिलीच्या जाडीने रेघ दोन-तीन मिलिमीटर बाहेर पडते, म्हणून चवड्याच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुस्तके उभी टेकवायची, पाऊल अलगद काढून घ्यायचे आणि पुस्तकांमधले अंतर पट्टीने मोजायचे. शेवटी चवड्याभोवती टेप फिरवून घेर घ्यायचा, टेप कातडीत रुतू द्यायची नाही. हे सगळे दोन्ही पायांचे करायचे, कारण डावे-उजवे पाऊल तंतोतंत सारखे असणारी माणसे कमीच असतात आणि बूट मोठ्या पावलाच्या मापाचा घ्यायचा असतो.

काकांना पुढचा भाग उघडा असलेली, मऊ तळाची सँडल देऊन जखमेवरचा भार काढला आणि रजा घ्यायला सांगितले. बदली माणूस मिळेपर्यंत फाटकाशी खुर्चीवर बसून त्यांनी ड्युटी केली, आणि अशाच एका संध्याकाळी घरी आल्यावर काकूंनी माप घेतले.

पुढच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा कागदासोबत पुठ्ठाही होता. कागदावर तारीख, वेळ, डावे आणि उजवे अशी सुबक नोंद होती: डाव्या पायाची लांबी २६.१, रुंदी १०.९, घेर २६. उजव्याची लांबी २५.८, रुंदी १०.५. सकाळ आणि संध्याकाळ यांच्यात एकाच पावलाची रुंदी चार मिलिमीटरने बदलली होती. यात जखमेवरच्या मलमपट्टीच्या जाडीचा काही वाटा असणार हे मी त्यांना सांगितले, म्हणूनच जखम भरल्यावर पुन्हा मोजायचे ठरले. पण खरा धक्का पुढे होता. काकूंनी पावलाची आकृती पुठ्ठ्यावर उतरवून रेघेच्या आतल्या कडेने कापली होती, जसा त्या ब्लाऊजचा नमुना कापतात तशी. त्यांनी पिशवीतून काकांचा जुना बूट काढला आणि तो पुठ्ठा माझ्यासमोर त्यात सरकवला. पुठ्ठा टाचेपर्यंत बसला, चवड्यापाशी मात्र त्याच्या दोन्ही कडा वर वळल्या आणि करंगळीच्या जागी तो दुमडून उभा राहिला. बुटात कसेबसे हात घालून काकूंनी ती घडी बोटाने चाचपली आणि काकांचा हात धरून त्यांनाही चाचपायला लावली.

काका बराच वेळ बुटाकडे पाहत होते. मी त्यांना पहिल्या दिवशी सुखतळा दाखवला होता, आकडे सांगितले होते, संवेदना गेल्याचे समजावले होते; ते सगळे त्यांनी आदराने ऐकून घेतले होते, पण पटले नव्हते, हे मला त्या क्षणी कळले. ‘‘म्हणजे माझी करंगळी अशी होती व्हय आत?’’ त्यांनी विचारले. पायाने जे सांगायचे सोडून दिले होते ते त्यांच्या हाताच्या बोटांनी त्यांना सांगितले होते. या कामात मी अनेक उपकरणे वापरते, तरी त्या पुठ्ठ्याइतके परिणामकारक साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि तेव्हापासून घरी माप घेणाऱ्या प्रत्येकाला मी पुठ्ठा कापायलाही सांगते.

मग काकांनी विचारले की आता नऊ नंबर घ्यायचा का. दुकानात बहुतेकांना हाच सल्ला मिळतो, म्हणून त्याचे उत्तर मी सविस्तर देते. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर लांबी. नंबर एकाने वाढवला की बूट तेवढा लांब होतो, रुंदी मात्र जेमतेम वाढते. काकांच्या लांबीला आठ नंबर पुरेसा होता. नऊ नंबरात टाच सुटून पाऊल पुढे सरकले असते आणि करंगळी पुन्हा भिंतीलाच लागली असती. त्यांना त्याच लांबीचा, पण रुंद आणि बोटांवर उंच असलेला बूट हवा होता. लहानपणी अनवाणी वाढलेल्या माणसांचा चवडा बहुधा पसरट असतो, आणि आपले बूट दीर्घकाळ परक्या पावलांच्या साच्यांवर बेतले गेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची त्रिमितीय मोजणी केली, तेव्हा भारतीयांची पावले युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले, आणि ‘भा’ नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती पुढे आली. ही पद्धत दुकानादुकानांत रुजावी असे मला मनापासून वाटते, कारण आमच्याकडे येणाऱ्या कित्येक जखमा मुळात अरुंद बुटांच्या असतात.

जखम भरायला काही आठवडे लागले. तेवढ्या काळात काका नियमित आले, घट्टा खरवडून घेतला, साखर बरीच आटोक्यात आणली. कातडी पूर्ण जुळल्यावर काकूंनी दुसऱ्यांदा माप घेतले. डाव्या पायाची रुंदी या वेळी १०.७ आली, आणि नवा पुठ्ठा कापून त्या बूट शोधायला निघाल्या. माया किती धरायची हेही आता त्यांना माहीत होते: सर्वांत लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर मोकळी जागा, चवड्याच्या सर्वांत रुंद भागात बुटाची आतली रुंदी पावलाइतकी, आणि बोटांच्या वरही कातडे टेकणार नाही एवढी उंची.

लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत सगळ्यांनी आधी नंबर विचारला, असे त्यांनी मला सांगितले. त्या नंबर न सांगता बुटातला सुखतळा काढून मागत आणि त्यावर पुठ्ठा ठेवून पाहत. एका कंपनीचा दहा नंबरही अरुंद निघाला. दुसरीच्या आठ नंबरात लांबी-रुंदी जुळली, पण बोटांवर उंची कमी पडली, कारण आत मऊ एमसीआरचा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराचा, तळ घालायचा होता आणि तो जागा खातो. कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी आपल्या देशात वर्षानुवर्षे वापरले गेलेले हे सच्छिद्र रबर आम्ही मधुमेहींनाही देतो. शेवटी आमच्याकडे पायताणे करून देणाऱ्या कारागिराने काकूंचे माप आणि पुठ्ठा घेऊन काळ्या मऊ कातड्याचा, गोल टोकाचा, नाडी बांधायचा जोड तयार केला. गणवेशात तो चालावा म्हणून आमच्या डॉक्टरांनी कंपनीला पत्र दिले आणि सुपरवायझरने ते मान्य केले.

नवा जोड पहिल्या दिवशी तासभरच, तोही घरात घालायचा, काढल्यावर पाऊल सगळीकडून पाहायचे आणि लाली दिसली तर लगेच आम्हाला कळवायचे, असे ठरले होते. तळवा काकांना स्वतःला नीट दिसत नाही, म्हणून काकू पाहतात. लाली कुठे उठली नाही, आणि वेळ हळूहळू वाढवत काका पूर्ण ड्युटीवर परतले.

त्यानंतरच्या तपासणीला काकूंनी आणखी तीन जोडी पावलांचे कागद आणले. ते त्याच फाटकावरच्या इतर रक्षकांचे होते, आणि प्रत्येकाच्या बुटाच्या सुखतळ्याची रुंदीही त्यांनी शेजारी लिहून आणली होती. तिघांपैकी दोघांचे बूट पावलापेक्षा अरुंद होते. त्यांतल्या एकाला मधुमेह असल्याचे काकांना ठाऊक होते, म्हणून त्याला आम्ही बोलावून घेतले. त्याच्या दोन्ही करंगळ्यांवर कुरूप होते, पण धाग्याचा स्पर्श त्याला सगळीकडे कळत होता. दुसऱ्याला घरच्या मापाचा कागद घेऊनच बूट बदलण्याचा निरोप आम्ही पाठवला.