डीएचएफआरचं क्लोनिंग: आधी सीरमची बाटली बघा

मानवी डीएचएफआर, म्हणजे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या एन्झाइमचं जनुक, क्लोनिंगला सोपं वाटतं. कोडिंग भाग जेमतेम ५६४ बेसचा, प्रथिन सुमारे २१ किलोडाल्टनचं. फसगत मात्र पहिल्याच पीसीआरमध्ये, म्हणजे आरएनएवरून जनुकाच्या प्रती काढतानाच, होते. आपल्या जीनोममध्ये या जनुकाच्या इंट्रॉन (मधले कोडिंग नसलेले तुकडे) नसलेल्या प्रती विखुरलेल्या आहेत, त्यामुळे आरएनएमध्ये थोडासा डीएनए राहिला तरी जेलवर बँड अगदी त्याच जागी येतो. म्हणून डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) लावा, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक ट्यूब सोबत चालवा आणि क्लोन पूर्ण सिक्वेन्स करून घ्या. एटीजीच्या, म्हणजे प्रथिन जिथून सुरू होतं त्या खुणेच्या, आधी जीसीसीएसीसी हा क्रम हवाच.

जनुक घालायचं त्या पेशी सीएचओ डीजी४४ (चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या), तळाला चिकटून वाढणाऱ्या. त्यांच्यात हे एन्झाइमच नसतं, त्यामुळे हायपोझॅन्थिन आणि थायमिडीन (डीएनए बनवायचा कच्चा माल) बाहेरून द्यावं लागतं. सिलेक्शन करायचं, म्हणजे जनुक मिळालेल्या पेशीच जगवायच्या, तर हीच रसद तोडायची. न्यूक्लिओसाइडविरहित (थायमिडीनसारखी द्रव्यं नसलेलं) अल्फा-एमईएम हे पेशींचं खाद्य घेतलं की झालं, असं वाटतं. पण त्या खाद्यात घालायच्या साध्या सीरममध्येही ही दोन्ही द्रव्यं असतात! मग प्लाझ्मिड (आपलं जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ) न दिलेली प्लेटही मजेत वाढते. सीरम डायलाइज्डच (पडद्यातून छोटे रेणू काढून टाकलेलं) हवं, १० टक्के. पुण्याहून बाटली वेळेत येत नसेल तर कोल्हापुरातही करता येतं: १०,००० डाल्टनहून लहान रेणू बाहेर सोडणारं डायलिसिस ट्यूबिंग, ४ अंश सेल्सिअस, ०.१५ मोलर मिठाचं पाणी तीनदा बदलायचं, शेवटी ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर.

सहा खणांच्या प्लेटमध्ये खणाला अडीच मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड. ४८ तासांनी पेशी उचलून विरळ पसरा. दाटीत मरणाऱ्या पेशींतून सुटलेलं थायमिडीन शेजारच्यांना जगवतं. दुसऱ्या दिवशी कोणी मरत नाही म्हणून घाबरू नका, साठा संपायला वेळ लागतो. कॉलनी दिसायला १० ते १४ दिवस. जुलैच्या इथल्या दमट हवेत एवढ्या काळात इनक्यूबेटरच्या ट्रेला बुरशी धरते; पाणी दर आठवड्याला बदला, ऑटोक्लेव्ह केलेलं.

उत्पादन वाढवायला मेथोट्रेक्सेट (डीएचएफआर अडवणारं औषध; ज्यांच्यात ते जास्त त्याच पेशी तगतात) ५, २०, ८० नॅनोमोलर असं चढवतात, प्रत्येक पायरीला दोन-तीन आठवडे. इथे एक गंमत होते: वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) जाड बँड, पण ३४० नॅनोमीटरवर एनएडीपीएच (हे एन्झाइम काम करताना वापरतं ते द्रव्य) ढिम्म हलत नाही. मेथोट्रेक्सेट एन्झाइमला इतकं घट्ट चिकटतं की पेशी फोडल्यावरही सुटत नाही. त्यामुळे आधी काही दिवस त्याशिवाय वाढवा. ब्लँकमध्ये (तुलनेच्या नमुन्यात) मात्र मेथोट्रेक्सेट मुद्दाम घाला, म्हणजे इतर एन्झाइमांनी खाल्लेलं एनएडीपीएच वजा करता येतं.